माळावर लांडगे एवढे कमी का? उन्हापासून लांडग्यापर्यंतचा हिशोब

सोलापूरकडं किंवा बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात गेलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूला पिवळं पडलेलं गवत, मधेच एखादी बाभूळ नाहीतर बोर, आणि लांबवर मेंढरं, बास. बहुतेक लोक गाडीतूनच बघून म्हणतात इथं काय आहे, नुसता माळ. सरकारी कागदावरही अशी बरीच जमीन पडीक म्हणूनच लागलेली असते. पण परिसंस्था (इकोसिस्टिम) म्हणजे काय, त्यात ऊर्जा कशी जाते हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते घनदाट जंगलापेक्षा हा माळच बरा, कारण इथं सगळं उघड्यावर चालतं, कोण काय खातंय ते जरा थांबलात तर दिसतं.

आता या माळावर कोण कोण आहे बघा. खाली गवत, म्हणजे मारवेल, पवन्या, कुसळी वगैरे. गवत खाणारे नाकतोडे, टोळ, वाळवी, ससे, चिंकारा, काळवीट आणि धनगरांच्या शेळ्या-मेंढ्या. नाकतोडे खाणारे सरडे, चंडोल. सरडे-उंदरांवर कापशी घार, खोकड. आणि सगळ्यात वर लांडगा. यात नाकतोडे मोजायची सोयच नाही, पायानं गवत हलवलं की दहा-बारा उडतात. काळवीट कळपानं दिसतात. लांडगा मात्र दिसला तर दिसला. का? लोकं म्हणतात शिकार झाली, माळ संपले, ते खरंच आहे, पण समजा शिकार झालीच नसती आणि माळ जसेच्या तसे राहिले असते तरी लांडगे कमीच असते. काळविटांइतके लांडगे कुठल्याच माळावर असू शकत नाहीत, कारण तेवढ्यांना पुरेल एवढी ऊर्जा तिथपर्यंत पोचतच नाही.

ऊर्जा येते उन्हातून. माणूस, मुंगी, लांडगा यातलं कुणीही ऊन खाऊन जगू शकत नाही, ते काम फक्त हिरव्या वनस्पती, शेवाळं आणि काही जिवाणू करतात. पान उन्हातली ऊर्जा घेतं, हवेतला कार्बन डायऑक्साईड आणि मुळातून आलेलं पाणी घेऊन साखर बनवतं, आणि ती ऊर्जा साखरेत अडकून बसते. ऐकायला भारी वाटतं पण प्रत्यक्षात पडलेल्या उन्हातलं साधारण एक टक्का, कित्येकदा त्याहून कमीच, झाडापाल्यात उतरतं. उन्हाचा जवळजवळ अर्धा भाग पानाला वापरताच येत नाही अशा प्रकारचा असतो, काही परावर्तित होतं, काही उघड्या मातीवर पडतं, आणि पाणी कमी असलं की पान आपली छिद्रं मिटून घेतं म्हणजे कार्बन डायऑक्साईड आत येणंच थांबतं. आपल्या दख्खनच्या माळावर तर पावसाळ्याचे तीन-चार महिनेच गवत हिरवं असतं, एप्रिल-मेमध्ये डोक्यावर ऊन ढीगभर असतं पण ते पकडायला हिरवं पानच नसतं.

शिवाय गवतानं जेवढी साखर बनवली तेवढी सगळी खाणाऱ्यांच्या वाट्याला येते असंही नाही, गवताला स्वतःलाही जगायचं असतं. पगाराचं बघा ना, कागदावर ग्रॉस वेगळा आणि हातात येतो तो वेगळा, तसं झाडानं एकूण बनवलं ते ग्रॉस उत्पादन, आणि त्याच्या स्वतःच्या श्वसनाचा खर्च वजा करून जे पान, खोड, मूळ, बी म्हणून उरतं ते नेट उत्पादन. काळवीट, नाकतोडा, मेंढरू, वाळवी, सगळी दुनिया या नेटवर चालते.

हे सगळं आकड्यात मोजण्याचं काम हॉवर्ड ओडम या अमेरिकन शास्त्रज्ञानं फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यावर केलं, १९५७ साली ते छापून आलं. पाणी एकदम नितळ, वर्षभर तापमान जवळपास सारखं, त्यामुळे हिशोब लावायला सोपं. त्याचे आकडे आजही सगळ्या पुस्तकात असतात. एका चौरस मीटरमध्ये वर्षाला वनस्पतींनी एकूण २०,८१० किलोकॅलरी पकडल्या. त्यांचा स्वतःचा खर्च जाऊन ८,८३३ उरल्या. वनस्पती खाणाऱ्यांपर्यंत ३,३६८ पोचल्या. त्यांना खाणाऱ्यांपर्यंत ३८३. आणि सगळ्यात वरच्या मोठ्या माशांपर्यंत फक्त २१. वीस हजारातल्या एकवीस!

शाळेत जो दहा टक्क्यांचा नियम पाठ केला होता, म्हणजे एका पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पायरीवर जाते, तो हाच. फक्त त्याला नियम म्हणणं जरा जास्तच होतंय, ती ढोबळ सरासरी आहे. वरच्याच आकड्यांचे भागाकार करून बघा, पहिल्या पायरीला (३,३६८ भागिले एकूण २०,८१०) सोळा टक्के येतात, मग अकरा, मग साडेपाच. कुठं पाच, कुठं वीस, असं चालतं. परीक्षेत दहा लिहा, माळावर दहाच मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

ही पायऱ्यांची कल्पना कुठून आली तेही सांगण्यासारखं आहे. अन्नसाखळी आणि खाली रुंद वर निमुळता असा संख्येचा पिरॅमिड चार्ल्स एल्टननं १९२७ मध्ये मांडला, इकोसिस्टिम म्हणजे जीव आणि त्यांच्या भोवतीची माती-पाणी-हवा मिळून एकच व्यवस्था हे आर्थर टॅन्सलीनं १९३५ मध्ये. पण कोण कुणाला खातं याच्याऐवजी किती ऊर्जा कुठून कुठं जाते असं बघायला शिकवलं ते रेमंड लिंडमन या पोरानं. पोरगाच म्हणायला पाहिजे, मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक नावाच्या एका छोट्याशा दलदलीच्या तळ्याचा त्यानं काही वर्षं अभ्यास केला, पेपर लिहिला, तो आधी नाकारला गेला कारण परीक्षकांना वाटलं एवढ्याशा माहितीवर एवढी मोठी थिअरी कशी काय मांडतोस, मग येल विद्यापीठात तो ज्यांच्या हाताखाली काम करत होता त्या हचिन्सन यांनी आग्रह धरला म्हणून तो १९४२ मध्ये छापून आला, आणि तोपर्यंत लिंडमन आजारपणात गेलेला होता, वय २७. आज इकॉलॉजी शिकणाऱ्या प्रत्येकाला तो पेपर माहीत असतो.

बरं मग उरलेली नव्वद टक्के ऊर्जा जाते कुठं? काळविटाचंच घेऊ. पहिली गोष्ट, माळावरचं सगळं गवत काळवीट खातच नाही, मुळं जमिनीत राहतात, कुसळं नको असतात, बरंच उभ्याउभ्या वाळून जातं. दुसरी, जे खाल्लं त्यातलं सगळं पचत नाही, लेंड्यांवाटे बाहेर पडतं. गवतातला सेल्युलोज कुठल्याच हरणाला, गाईला, मेंढीला स्वतःच्या जोरावर पचवता येत नाही बरं का, त्यांच्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात, ते गवत आंबवतात, आणि त्यातून जे तयार होतं त्यावर आणि पुढं जाऊन त्या जिवाणूंवरसुद्धा जनावर जगतं. म्हणजे गवत आणि काळवीट यांच्या मधे अजून एक न दिसणारी पायरी आहेच. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, जे पचलं त्यातलं बहुतेक काळवीट वापरून टाकतं. पळणं, रवंथ करणं, डोकं वर करून लांडगा येतोय का बघणं, रात्रीच्या थंडीत अंग गरम ठेवणं. ती ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते आणि हवेत गेलेली उष्णता परत पकडून गवत बनवेल असा जीव पृथ्वीवर नाही. अंगावर मांस म्हणून चढतं ते थोडंसंच, आणि लांडग्याला मिळालंच तर ते मांस मिळतं.

गरम रक्ताचं असणं किती महागात पडतं ते नाकतोड्याशी तुलना केली की कळतं. सस्तन प्राणी आणि पक्षी पचवलेल्या ऊर्जेतला जेमतेम एक ते तीन टक्के भाग शरीर वाढवायला वापरतात, बाकी सगळं अंग गरम ठेवण्यात आणि हालचालीत. कीटकांना अंग गरम ठेवायचं नसतं, त्यामुळे त्यांच्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपासही जातं. म्हणजे तेवढंच गवत नाकतोड्यांनी खाल्लं तर त्यातून कितीतरी जास्त खाण्यालायक जीव तयार होतात. माळावर पाखरं एवढी का असतात, हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हजारो किलोमीटर उडून इथंच का येतात, त्याचं बरंचसं उत्तर या नाकतोड्यांमध्ये आहे.

(इथं कुणीतरी हमखास विचारतं की मग ब्रॉयलर कोंबडीचं काय, ती तर दोन किलोपेक्षाही कमी खाद्यात एक किलो वाढते. बरोबर आहे. पण एक तर खाद्य कोरडं असतं आणि कोंबडीच्या वजनात बराचसा भाग पाणी असतं, त्यामुळे किलोला किलो लावून चालत नाही. दुसरं, ती पिंजऱ्यात नाहीतर शेडमध्ये, उबेत, फार न हलता वाढते आणि साधारण सहा आठवड्यांत, म्हणजे वाढीचा वेग जोरात असतानाच कापली जाते. माळावरच्या तितराला ती सोय नाही, त्याला वर्षानुवर्षं जगायचंय, पळायचंय, पिल्लं काढायचीत.)

आता लांडग्याकडं येऊ. मांसाहारी प्राण्यांवरचा एक गाजलेला अभ्यास आहे, क्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन यांचा, २००२ सालचा. त्यांनी जगभरातल्या मांसाहारी प्राण्यांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की साधारण १०,००० किलो भक्ष्य असेल तर त्यावर सुमारे ९० किलो मांसाहारी प्राणी जगतो, मग तो मुंगसाएवढा असो नाहीतर वाघाएवढा. आपल्या माळाला लावून बघू. एक काळवीट सरासरी तीस-पस्तीस किलोचं धरलं तर १०,००० किलो म्हणजे जवळपास तीनशे काळवीट. आणि ९० किलो लांडगा म्हणजे वीस किलोच्या हिशोबानं चार, फार तर पाच लांडगे. तीनशे काळविटांवर पाच लांडगे, एका टोळीपुरतं झालं. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य फक्त २.१७ चौरस किलोमीटरचं आहे, सुप्याचं मयूरेश्वर ५.१४ चं, आणि लांडग्यांची टोळी शंभर-दोनशे चौरस किलोमीटर सहज फिरते, म्हणजे लांडगा काही अभयारण्याच्या हद्दीत राहणारा प्राणी नाही, त्याचं जगणं आजूबाजूच्या गायरानांवर आणि शेतांच्या बांधावर अवलंबून आहे.

वाघाबद्दलही असाच एक आकडा ऐकला असेल, एका वाघाला पाचशे हरणं-रानगवे-डुकरं लागतात. तो वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांच्या कामातून आलेला आहे, आणि त्यातही दहा टक्के आहेत पण ते वेगळे दहा टक्के आहेत, यात लोक फार गोंधळ घालतात. वाघ वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं मारतो, आणि कळप दरवर्षी पिल्लं घालून साधारण एक दशांश भाग गेलेला सहन करू शकतो, म्हणून पन्नासच्या दहापट, पाचशे. इथं मोजलीत ती जनावरांची डोकी, आणि वरचे ते दहा टक्के ऊर्जेचे. आकडा तोच आला हा योगायोग.

हे झालं काळविटांचं. पण आपल्याकडच्या लांडग्याच्या खाण्यात शेळ्या-मेंढ्यांचा वाटा मोठा आहे, आणि ते साहजिकच आहे, कारण माळावरचं बरंचसं गवत आता काळविटाऐवजी मेंढराच्या पोटात जातं. ऊर्जा ज्या वाटेनं गेली त्या वाटेवर लांडगा गेला. याची किंमत धनगर मोजतो हे विसरून चालणार नाही, शहरात बसून लांडगा वाचवा म्हणणाऱ्याच्या खिशातून मेंढरू जात नाही.

एक सुधारणा मात्र इथंच करायला हवी. मी मघापासून पायरी-पायरी म्हणतोय, जणू सरळ साखळीच आहे, पण माळावर साखळी अशी सरळ नसते, जाळं असतं. खोकड बघा, तो उंदीर खातो, नाकतोडे खातो, सरडे खातो, पक्ष्यांची अंडी खातो आणि बोरीखाली पडलेली बोरंही आवडीनं खातो. बोरं खाताना तो दुसऱ्या पायरीवर, नाकतोडा खाताना तिसऱ्या, सरडा खाताना चौथ्या. अशी वर चढता चढता चार-पाच पायऱ्यांतच ऊर्जा एवढी उरत नाही की अजून वर कुणी जगावं. लांडग्यावर जगणारा लांडगाखाऊ प्राणी नसण्याचं कारण एवढंच, असे लांडगे शोधत फिरण्यातच तो उपाशी मरेल.

आणि जे कुणीच खाल्लं नाही त्याचं काय? खरं सांगायचं तर जमिनीवरच्या बहुतेक परिसंस्थांमध्ये नेट उत्पादनातला मोठा भाग काळवीट-लांडगा या वाटेनं जातच नाही, तो मेलेल्या अवस्थेत खाली पडतो आणि कुजवणाऱ्यांच्या वाटेनं जातो. फोटो वाघ-लांडग्याचे निघतात, काम वाळवी करते. वाळलेलं गवत, काटक्या, शेण सगळं ती ओढून नेते, आणि आपल्याकडच्या कितीतरी वाळव्या ते स्वतः पचवत नाहीत, वारुळात त्यावर एक बुरशी वाढवतात आणि ती खातात. पावसाळ्यात कोकण-गोव्यात वारुळावर उगवणारी जी अळंबी लोक चढ्या भावानं घेतात ती हीच बुरशी बाहेर आलेली. शेणकिडे लेंड्या-शेण जमिनीत गाडतात. वाळवी बाहेर आली की तिच्यावर पाखरं, सरडे, बेडूक तुटून पडतात, म्हणजे कुजण्याच्या वाटेवरची ऊर्जा परत जित्या जाळ्यात शिरते.

इथं एक फरक नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक गोंधळ इथंच होतो. ऊर्जा एकाच दिशेनं जाते, उन्हातून आत आणि उष्णता होऊन बाहेर, ती फिरून येत नाही, म्हणून सूर्य रोज उगवावा लागतो. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, कार्बन हे मात्र फिरत राहतात, मातीतून गवतात, गवतातून जनावरात, शेणातून-मेलेल्या अंगातून परत मातीत. धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात आणि वाटेत शेतकरी आपल्या रानात त्यांना मेंढ्या बसवायला सांगतो, त्याबदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो, तो हाच व्यवहार. माळावरच्या गवतातला नायट्रोजन-फॉस्फरस चार पायांवर चालत येऊन कुणाच्या तरी ज्वारीच्या रानात लेंडीखत म्हणून पडतो. मेंढरानं खाल्लेली ऊर्जा मात्र तोपर्यंत बरीचशी चालण्यातच संपलेली असते.

हा फरक कळला की विषाचं गणितही आपोआप कळतं. ऊर्जा प्रत्येक पायरीला जळून जाते, पण डीडीटीसारखं चरबीत साठणारं विष जळत नाही की लघवीवाटे सहज निघत नाही. म्हणजे एका प्राण्यानं शंभर किलो खाल्लं, त्यातलं नव्वदच्या वर किलो जाळलं-टाकलं, पण त्या शंभर किलोतलं विष बरंचसं त्याच्याच अंगात राहिलं. पुढच्यानं असे शंभर किलो प्राणी खाल्ले की अजून दाट. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये १९४९ पासून चिलटं मारायला डीडीटीचा भाऊबंद डीडीडी टाकला, पाण्यात प्रमाण अगदी किरकोळ, एक पीपीएमचा (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) पन्नासावा भाग. तळ्यातल्या सूक्ष्म जीवांत ते पाच पीपीएमच्या आसपास निघालं आणि मासे खाणारे ग्रीब पक्षी मरायला लागले तेव्हा त्यांच्या चरबीत १,६०० पीपीएम. सगळ्यात वरच्याला सगळ्यात कमी ऊर्जा आणि सगळ्यात जास्त विष, दोन्ही एकाच कारणामुळं.

समुद्रात थोडं उलटं दिसतं तेही सांगतो. तिथं कित्येकदा वनस्पतींचं वजन त्यांना खाणाऱ्यांपेक्षा कमी भरतं, पिरॅमिड उलटा. कारण समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती काही दिवसांतच दुप्पट होतात आणि तेवढ्याच वेगानं खाल्ल्या जातात, कुठल्याही क्षणी मोजलं तर थोड्याच, पण वर्षभराचं उत्पादन मोजलं तर भरपूर. वजनाचा पिरॅमिड उलटा होऊ शकतो, ऊर्जेचा कधीच नाही. तारली थेट या सूक्ष्म जीवांवर जगते म्हणून ढिगानं सापडते, सुरमई ही तारली-बांगड्यासारखे मासे खाऊन वाढते म्हणून कमी असते. सुरमईच्या भावात बाकी कारणं पण आहेत, पण हे एक आहेच.

आता परत माळावर, कारण एक वाद राहिलाय. पडीक जमीन दिसली की झाडं लावा ही आपल्याकडची सवय, आणि हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या माळावर गिरीपुष्प नाहीतर सुबाभूळ दाट लावली की काय होतं? ऊन तेवढंच पडतं, पण ते आता गवताऐवजी झाडाची पानं पकडतात. सावलीत मारवेल-पवन्या टिकत नाहीत, ही गवतं कडक उन्हातच जोमानं वाढणारी. पकडलेल्या ऊर्जेतला बराच भाग लाकडात जातो आणि लाकूड ना काळवीट खातं ना नाकतोडा ना मेंढी. म्हणजे ऊर्जा आहे, पण माळावरच्या जिवांना तोंड घालता येणार नाही अशा जागी. नाकतोडे कमी झाले की चंडोल, भोवत्या, तणमोर यांचं अन्न गेलं, आणि जे काळवीट उघड्यावर लांबून धोका बघून पळतं त्याला झाडीत पळायलाही जमत नाही. माळढोक तर आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासाच झालाय, त्याला शेती, वीजवाहिन्या, शिकार अशी बरीच कारणं आहेत, त्यात उघडे माळ संपणं हे मोठं. कार्बनचं म्हणाल तर गवताळ माळ आपला कार्बन मुळांत आणि मातीत ठेवतो, वर दिसत नाही म्हणून मोजणीत लोक तो धरतच नाहीत. जिथं मुळात जंगल होतं तिथं जरूर झाडं लावा, घाटाच्या उतारावर लावा, गावात रस्त्याकडेला लावा.

पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्याची ग्रासलँड सफारी आहे, माळ नीट बघायचा असेल तर तिथं जाता येतं. हिवाळ्यात जा, सकाळी लवकर. लांडगा दिसेल याची गॅरंटी नाही, ते का ते आता तुम्हाला माहीत आहे, पण गाईडला सांगून शेणाचा एखादा पो उलटून बघा, खाली शेणकिडे नाहीतर वाळवी असतेच.